बावन्न खेळांचा प्रात्यक्षिक प्लॉट

३ ऑगस्ट १९९५, गुरुवार. जाफराबाद.

ही डायरी बियाण्यांच्या कंपनीने जानेवारीत दिली होती. सात महिने कोरी राहिली, कारण कामाच्या माणसाला डायरी लिहायला वेळ नसतो. आता वेळ आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापला आहे. तीनशे पासष्ट सल्ले, सगळे मीच लिहून दिलेले. खाली नाव कंपनीचे आहे.

सोळा वर्षे मी त्या कंपनीचा फील्ड ऑफिसर होतो. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांत असे गाव नाही जिथे मी कपाशीत उभा राहिलो नाही. दहा जुलैला जालन्याच्या मीटिंगमध्ये नवे साहेब म्हणाले, "जंजाळ, तुमचे अहवाल फार लांब असतात. कोणाच्या सुनेचं बाळंतपण झालं हे कंपनीला कशाला?" साहेबांचे वय सत्तावीस. मी तिथल्या तिथे कोरा कागद मागितला आणि राजीनामा लिहिला. साहेबांनी चहा संपवला आणि म्हणाले, "बरं."

आठ दिवसांत बोलावणे येईल असा माझा अंदाज होता. आज चोवीस दिवस झाले. मी काही वाट पाहत नाही. पोस्टमन रस्त्यात भेटला म्हणून विचारले, एवढेच. सकाळी साडेआठला मात्र सवयीने स्कूटर काढतो. शेजारचे विचारतात, "साहेब, कुठं चाललात?" मी हॉर्न वाजवतो आणि निघतो. मग स्टँडवर कमरोद्दीनच्या दुकानात बसतो.

कमरोद्दीन रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याच्याकडे मुंबईच्या 'उन्नती टेलिगेम्स' कंपनीचे पत्रक आले आहे. टीव्हीला लावून खेळायचे व्हिडिओ गेम, एका सेटमध्ये बावन्न खेळ, त्यांना खेड्यापाड्यांत न्यायचे आहेत आणि त्यासाठी एजंट हवे आहेत. कमरोद्दीन म्हणाला, "साहेब, मशीन मी बघतो, माणसं तुम्ही बघा." मी व्हिडिओ गेम कधी पाहिलेला नाही. पण माणसे पाहिली आहेत. मी हो म्हटले.

६ ऑगस्ट, रविवार.

औरंगाबादला मोठ्या हॉटेलात कंपनीची एजंट परिषद झाली. हॉल इतका थंड की चहा घेईपर्यंत गार. प्रत्येकाला टोपी आणि छातीवर उडी मारणारा बेडूक असलेला टी-शर्ट मिळाला. माझा पोटावर बसत नाही. दुपारी लकी ड्रॉ झाला, लातूरच्या एजंटाला मिक्सर लागला.

मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या, फार तर सव्वीस वर्षांच्या. त्यांनी सांगितले, "वस्तू विकायला जाऊ नका. लोकांना एकत्र बोलवा, खेळू द्या, त्यांचं नाव-गाव लिहून घ्या, त्यांना काय हवंय ते विचारा. आधी नातं, मग विक्री." सगळे दुकानदार भराभरा लिहून घेत होते. मला हसू आवरेना. बियाण्यात आम्ही दुसरे काय करत होतो?

मी उभा राहिलो आणि प्रात्यक्षिक प्लॉटची पद्धत समजावून सांगितली. गावातल्या सगळ्यात मानाच्या शेतकऱ्याला नवे वाण फुकट द्यायचे. त्याच्या बांधावर पाटी लावायची. पीक भरात आले की गाव बोलावून पाहणी दिवस करायचा. त्याच्याकडे चांगले आले की सगळे गाव तेच वाण मागते. मॅडमनी वहीत टिपून घेतले. मी वीस मिनिटे बोललो असेन. आयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवले.

करार असा झाला: एकतीस ऑक्टोबरच्या आत शंभर कुटुंबांचा मेळावा घ्यायचा. जमला तर जालना जिल्ह्याची कायमची एजन्सी माझी. नाही जमला तर दाखवायला दिलेले सेट परत. येताना बसमध्ये जुन्या ऑफिसातला क्लार्क भेटला. त्याला मी सांगून टाकले की मी आता जिल्हा वितरक आहे. हे सांगायला नको होते. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार.

धावड्याला पहिला प्लॉट टाकला. शेतकरी: काकासाहेब. वय अडुसष्ट, रंगीत टीव्ही, आणि गावात शब्दाला एवढा मान की त्यांनी पेरणी केल्याशिवाय शेजारचे पाभर काढत नाहीत. बारा वर्षे माझ्या प्रत्येक वाणाचा प्लॉट त्यांच्याच शेतात होता.

कमरोद्दीनने वायरी जोडल्या. काकासाहेबांनी गेमचा रिमोट उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "साहेब, ह्याच्यात निघतंय काय?"

"करमणूक," मी म्हणालो.

"किती दिवसांत?"

मी म्हणालो, लगेच. त्यांना ते पटले नाही, लगेच येणाऱ्या वाणावर त्यांचा विश्वास नाही. पण खेळायला बसले. पडद्यावर वरून विटा पडतात आणि खाली फट न ठेवता रचायच्या असतात, असा एक खेळ आहे. काकासाहेब तासभर हलले नाहीत. त्यांच्या मालकीण द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं झालं की मला बी दावा."

"तुझं काय काम हाय ह्याच्यात?" काकासाहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

निघताना दारासमोर बांबूवर पाटी ठोकली. रंगाऱ्याला जुन्या नमुन्याप्रमाणेच करायला सांगितली होती.

प्रात्यक्षिक प्लॉट. वाण: बावन्न खेळ. लागवड: १२ ऑगस्ट. शेतकरी: काकासाहेब.

खूप दिवसांनी बरे वाटले. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुष्पाबाईने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, काही विचारले नाही, फक्त वाढत राहिली.

२७ ऑगस्ट, रविवार.

प्लॉटची पाहणी केली. परिस्थिती बरी नाही.

पाटी वाचून शेजारच्या गावातले दोघे शेतकरी आले होते. 'बावन्न' ही कपाशीची नवी जात असावी असे समजून त्यांनी काकासाहेबांचे अकरा एकर शेत बांधाबांधाने पालथे घातले. शेवटी चिडून गेले की दाखवायचे नव्हते तर पाटी कशाला लावली.

गावातल्या माणसाला तर गेम दिसतच नाही. काकासाहेब सेट लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवतात आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात. "लोकं बटनं तोडतेत," म्हणाले. बियाण्याच्या प्लॉटला कुंपण घातले तरी पीक बाहेरून दिसते. हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्यात काल पोळा. बैल शिंगे रंगवून, झूल घालून दारात उभे. द्वारकाबाई ओवाळणीचे ताट घेऊन थांबलेल्या. गावातले बाकीचे बैल काकासाहेबांच्या जोडीसाठी वेशीत खोळंबलेले. आणि काकासाहेब आत विटांच्या खेळाच्या नवव्या पायरीवर. तेवढ्यात लाइट गेली म्हणून पोळा फुटला, असे गाव म्हणते. मला बघून दोघातिघांनी हात जोडले, पण ते हसत होते.

निघताना द्वारकाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, त्या इटांच्या खेळात नववी पायरी सरली की दहावी येती का परत पहिल्यापून लागतंय?"

मी म्हणालो, दहावी येते. तुम्हाला नवव्या पायरीचे कसे ठाऊक?

"हे झोपेत बोलतेत," त्या म्हणाल्या.

काकासाहेबांचे व्यसन या थराला गेलेले पाहून मला काळजी वाटली. मग त्यांनी शेतात नेले आणि कपाशीवरचे तुडतुडे दाखवले. हे आता माझे काम राहिलेले नाही असे मी स्पष्ट बजावले आणि मग औषधाचे प्रमाण सांगितले.

२१ सप्टेंबर, गुरुवार.

आज धावड्याला पाहणी दिवस ठेवला होता. काकासाहेबांना हातापाया पडून कपाट उघडायला लावले होते. दोन दिवस आधी प्रत्येक दारात जाऊन सांगितले. सतरंजी, पाण्याचा माठ, शंभर माणसांचा चहा.

दहा वाजले, कोणी नाही. अकराला कळले की गणपती दूध पितो आहे. सगळा देश देवळांत गेला म्हणतात, धावडा कसे मागे राहील? काकासाहेब स्वतः तांब्या घेऊन रांगेत. माझ्या चहाचे दूधही कोणीतरी नेले. मंडपात मी आणि कमरोद्दीन. त्याने एकट्याने तीन तास मोटारी पळवल्या आणि म्हणाला, "साहेब, माल एकदम चांगला हाय."

दुपारी अकरा जण आले. मला आशा वाटली. पण ते विचारायला आले होते, "साहेब, तुम्ही शिकलेले. खरंच पेतो का?" मी म्हणालो, मी पाहिलेले नाही. मग आलोच आहोत तर म्हणून प्रत्येकाने खिशातून कपाशीचे बोंड काढले. बोंडअळी यंदा भयंकर आहे. मी अकराही जणांना सांगितले. चहा कोराच प्यायलो.

आजच्या पानाखाली छापले आहे: 'पाहणी दिवसाची तारीख गावातील कार्यक्रम पाहून ठरवावी.' माझेच वाक्य.

३० सप्टेंबर, शनिवार.

आज बाजारात कमरोद्दीनच्या दुकानासमोर टीव्ही मांडला. गर्दी चांगली झाली, पण गेमसमोर चार जण आणि माझ्या खुर्चीसमोर वीस. कोणी लाल पडलेले पान आणतो, कोणी किडके बोंड. एकाने अख्खे झाड उपटून आणले आणि टीव्हीला टेकवून ठेवले. त्यामुळे गेम खेळणाऱ्यांना पडदा दिसेना.

संध्याकाळी कमरोद्दीन म्हणाला, "साहेब, खरं बोलू? माझं अर्धं दुकान मोकळंच हाय. तुम्ही बी-बियाणं, औषधं ठिवा. गेम राहू द्या कोपऱ्यात."

मी खूप चिडलो. ज्या धंद्यातून मान ताठ ठेवून बाहेर पडलो, त्यात बाटल्या विकायला परत जाऊ? मी त्याला म्हणालो, तू वायरी बघ. मग त्याने स्वतःच्या पैशाने चहा मागवला, हे मला जास्त लागले.

घरी हे सांगितले तर पुष्पाबाई म्हणाली, "लोक तुमच्यापाई येऊन राह्यले, गेमपाई न्हाई." तिला या व्यवसायातले कळत नाही. मॅडमनी सांगितले होते की आधी गर्दी होते आणि विक्री नंतर होते. गर्दी तर झाली आहे.

जालन्याहून पत्र नाही.

८ ऑक्टोबर, रविवार.

मॅडमचे पत्र आले: पंधरा तारखेला त्या स्वतः येत आहेत, फोटोग्राफर घेऊन. सात दिवस उरले. शंभर कुटुंबे पाहिजेत आणि माझ्याकडे मोजून काकासाहेबांचे एक आहे.

आज पहिल्यांदा भीती वाटली. हे नीट लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. वय सेहेचाळीस. बियाण्यांतून गेलो, यातूनही गेलो तर सकाळी साडेआठला स्कूटर काढून कुठे जायचे? स्टँडवर बसणाऱ्या माणसाला लोक पहिला महिना साहेब म्हणतात. पुढे काय म्हणतात ते मी पाहिले आहे.

मी शंभर छापील कार्डे पोस्टाने पाठवायचे ठरवले होते. पुष्पाबाईने गठ्ठा हातात घेऊन परत खाली ठेवला. "अहो, पोस्टानं आवतण दिल्यावर कोण येतं? आपण गेलो असतो का? दारात जावं लागतं, बसावं लागतं." शेवटी वाटणी केली. कमरोद्दीन त्याच्या मोहल्ल्यात, पुष्पाबाई गावातल्या बायकांकडे आणि मी खेडी.

१४ ऑक्टोबर, शनिवार.

सहा दिवसांत एकोणीस गावे. स्कूटर तीनदा पंक्चर. एकाही दारातून कपाशी पाहिल्याशिवाय सुटका झाली नाही. प्रत्येकाला एकच अट घातली: उद्या आधी गेम, कपाशीचे एक अक्षर नाही. सगळे बरं म्हणाले. फार लवकर बरं म्हणाले.

मंडपाच्या दारात लावायला मोठी पाटी केली आहे: 'येथे कपाशीविषयी प्रश्न विचारू नयेत.'

१५ ऑक्टोबर, रविवार.

हात दुखतो आहे, तरी आजचे आजच लिहितो.

एकशे त्रेचाळीस कुटुंबे आली. जिनिंगच्या आवारात मंडप, चार टीव्ही, लाइटचा भरवसा नाही म्हणून जनरेटर. बैलगाड्या, जीपा, सायकली. मॅडम गाडीतून उतरल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पुण्यातल्या मेळाव्याला साठ माणसे होती.

पाटीचा मान सगळ्यांनी राखला. कोणीही प्रश्न विचारला नाही. प्रत्येक जण आला, नमस्कार केला, खिशातून एक बोंड काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता समोर उभा राहिला. अर्ध्या तासात टेबल भरले. मॅडमनी विचारले, हे काय आहे? मी म्हणालो, इकडे स्वागताची पद्धत आहे. त्यांना फार आवडली. त्यांनी एक बोंड हातात घेऊन फोटो काढला. फोटो काढताना अळी बाहेर आली आणि त्यांच्या वहीवर पडली. बाई धीराची. किंचाळली नाही, फक्त विचारले, हे काय? मी सांगायला लागलो. अंडी कुठे घालते, किती दिवसांनी निघते, फवारणी कधी करायची. लक्षात आले तेव्हा माझ्याभोवती दीडशे माणसे कान देऊन उभी होती आणि चार टीव्ही मोकळे पडले होते.

मग स्पर्धा पुकारली. विटांचा खेळ, सगळ्यात पुढे जाईल त्याला नवा सेट. काकासाहेब फेटा बांधून आले होते. नवव्या पायरीपर्यंत गेले. टाळ्या झाल्या. आता त्यांच्यापुढे कोण बसणार? वडीलधाऱ्या माणसाला हरवायचे म्हणजे गावात राहायचे की नाही. पाच मिनिटे कोणी उठेना. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या.

बायकांतून द्वारकाबाई उठल्या. पदर खोचला, मांडी घातली, रिमोट घेतला. मी असा हात पाहिलेला नाही. वीट अजून वर असतानाच तिची जागा ठरलेली. बाजूच्या साळूबाई म्हणाल्या, "गवऱ्या रचायला बसल्यावानीच करून राह्यली." दहावी पायरी, अकरावी, बारावी. चौदाव्या पायरीवर जनरेटरचे डिझेल संपले म्हणून थांबल्या.

काकासाहेबांचा हात बंडीच्या आतल्या खिशात गेला. "किल्ली तर माझ्यापाशी हाय," ते म्हणाले.

"कपाटाची मागची फळी निघती," द्वारकाबाई खाली बघत म्हणाल्या. "चार वर्सं झाली, सुताराला बोलवा म्हणून सांगू राह्यले."

काकासाहेबांनी किल्ली बाहेर काढून पाहिली. मला वाटले, आता बारा वर्षांचा संबंध संपला. मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, पाटीवरचं नाव बदला," म्हणाले, आणि बक्षिसाचा खोका स्वतः खांद्यावर घेऊन गाडीकडे चालू लागले. द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "हळू, पडंल."

कंपनीची ग्राहक कार्डे भरून घ्यायला पुष्पाबाई आणि कमरोद्दीन बसले होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे हिने लिहिले. मला एकही वाचायला सवड झाली नाही, आणि आपल्याच प्लॉटचे अभिप्राय आपण वाचायचे नसतात हा जुना नियमही आहे. मॅडम गठ्ठा बांधून घेऊन गेल्या.

नऊ सेट विकले गेले. कमरोद्दीन म्हणतो, आज गावाच्या दुसऱ्या टोकाला बियाण्यांच्या कंपनीचाही मेळावा होता. सोळा माणसे. नवे साहेब आमच्या मंडपाबाहेर जीपमध्ये पाच मिनिटे बसून गेले. मला आनंद झाला. इतका आनंद होणे बरे नाही, पण झाला.

२८ ऑक्टोबर, शनिवार.

दिवाळी झाली. एजन्सीचे पत्र अजून नाही. रंगाऱ्याने 'सर्जेराव जंजाळ, जिल्हा वितरक' अशी पाटी मात्र आणून दिली. पत्र येईपर्यंत ती खाटेखाली ठेवली आहे. पुष्पाबाई झाडताना ती बाहेर काढते, पुसते आणि परत ठेवते.

१० नोव्हेंबर, शुक्रवार.

पत्र आले. उतरवून ठेवतो.

'आपण घेतलेला मेळावा आमच्या कंपनीच्या इतिहासातील सर्वांत मोठा ठरला, याबद्दल अभिनंदन. तथापि सर्व कार्डे वाचल्यानंतर आम्ही या निष्कर्षाप्रत आलो आहोत की, ही कुटुंबे आमच्या कंपनीची ग्राहक नाहीत. ती आपली आहेत. सबब जिल्हा एजन्सी देता येत नाही याचा खेद वाटतो. कार्डे आमच्या उपयोगाची नसल्याने सोबत परत पाठवीत आहोत.'

खाली मॅडमनी हाताने लिहिले आहे की त्या अळीचा डाग वहीवर अजून आहे आणि तिचे चित्र त्यांनी त्याशेजारी काढले आहे.

दुपारभर काही सुचले नाही. पुष्पाबाई शेजारी गेली होती. मग गठ्ठा सोडला. कार्डावर चारच प्रश्न: नाव-गाव. घरात टीव्ही आहे का? कोणता खेळ आवडला? आमच्या कंपनीकडून आपल्या काय अपेक्षा आहेत?

पहिले रखमाजीचे. खेळ आवडला: 'सगळे बरे.' अपेक्षा: 'साहेबांनी पंधरा दिवसाला येत जावे. जेवण आमच्याकडे.'

साळूबाई. टीव्ही: 'न्हाई. लाइट बी न्हाई.' अपेक्षा: 'गेल्या साली साहेबांनी बांधावर बसून सांगितलं तसं केलं, कपाशी वाचली. सुनेचं बाळंतपण बी इचारून गेले. ह्या साली कुणी आलं न्हाई.'

हे कार्ड मी दोनदा वाचले. सुनेचे बाळंतपण मी अहवालात लिहिले होते.

द्वारकाबाई: 'पंधरावी पायरी हाय का ते कळवावे.' काकासाहेब: 'आणिक एक रिमोट द्यावा, म्हणजे भांडण न्हाई.' बाकीची पुढे पुढे एकसारखीच. साहेब कधी येणार. साहेब का येत नाहीत. साहेबांची तब्येत बरी आहे का. एकशे त्रेचाळीस कार्डांत गेमविषयी नऊ होती.

मग कमरोद्दीनचे, वाकड्या अक्षरात: 'साहेबांना सांगा अर्धं दुकान घ्या. मी सांगितलं तर चिडतात.'

गठ्ठ्यात सगळ्यात शेवटी हिचे अक्षर. नाव: पुष्पाबाई सर्जेराव जंजाळ. टीव्ही: आहे. कोणता खेळ आवडला: 'वेळ मिळाला नाही.' अपेक्षा: 'सकाळी निघताना कोणी कुठं चाललात असं विचारलं तर यांना उत्तर देता यावं.'

मला वाटत होते की हिला काही कळले नाही. चार महिने दारात उभी राहून ती रोज तो हॉर्न ऐकत होती. मी कार्ड होते तसे शेवटी ठेवले. रडलो. डायरीत लिहायला हरकत नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

शनिवारी कमरोद्दीनकडे गेलो. तो काही बोलायच्या आत म्हणालो, अर्धे दुकान कोणत्या बाजूचे? तो म्हणाला, "सावलीचं तुमचं, साहेब." गेम कोपऱ्यातच राहील. रंगाऱ्याला पाटी परत दिली आहे. नाव राहू दे आणि 'जिल्हा वितरक' पुसून टाक, असे सांगितले. त्याने विचारले, त्या जागी काय लिहू? मी म्हणालो, सध्या मोकळी ठेव.

काल दिवसभर कार्डे गाववार लावली. आज साडेआठला स्कूटर काढली. पुष्पाबाई दारात येऊन उभी राहिली. चार महिन्यांत तिने हे कधी विचारले नव्हते, आज विचारले, "कुठं चाललात?"

"धावड्याला," मी म्हणालो. "मग साळूबाईकडे. यायला संध्याकाळ होईल."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मी गाडी चालू करून थोडा वेळ उभा राहिलो. आतून भांड्यांचा आवाज यायला बराच वेळ लागला.

वळणावर पोस्टमन भेटला. जालन्याचा लांब लिफाफा होता, कोपऱ्यात बियाण्यांच्या कंपनीचे कणीस छापलेले. मी तो डिकीत कार्डांखाली टाकला, कारण धावड्याच्या रस्त्यावर ऊन चढायच्या आत पोहोचायचे होते. धावड्याला द्वारकाबाईंना पंधरावी पायरी आहे असे सांगितले. रखमाजीकडे जेवलो. साळूबाईच्या नातवाला दात येत आहेत.

लिफाफ्याची आठवण हे लिहिताना झाली. गाडी अंगणात आहे. उद्या आणतो.